जाड डेनिमचा कापूस आणि कापड येतं कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाड डेनिमबद्दल वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "जाड डेनिम" म्हणजे नेमकं किती जाड?

डेनिमची जाडी मोजत नाहीत, वजन करतात. एक चौरस यार्ड कापड किती औंसांचं भरतं, तो आकडा जीन्सच्या टॅगवर असतो. १ औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३४ ग्रॅम. रोजच्या वापरातली बहुतेक जीन्स १० ते १३ औंसांची असते. १४ औंसांपासून शौकिनांचा प्रांत सुरू होतो आणि १६ च्या पुढच्या कापडाला जाड म्हणायला कुणाचीच हरकत नसते. १४ औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४७५ ग्रॅम, २१ औंस म्हणजे सुमारे ७१० ग्रॅम. आयर्न हार्ट या जपानी ब्रँडची ओळखच २१ औंसांच्या कापडामुळे आहे. कॅनडाच्या नेकेड अँड फेमसने ३२ औंसांची जीन्सही विकली आहे. ते कापड चौरस मीटरला एक किलोच्या वर जातं. माझ्या मते २१ च्या पुढे मिरवणं जास्त आणि वापरणं कमी.

हा आकडा धुण्याआधीचा की नंतरचा, त्यानेही फरक पडतो. त्यासाठी प्रश्न १७ पाहा.

२. जाड डेनिमसाठी वेगळ्या जातीचा कापूस पिकवतात का?

नाही. जगातला सुमारे ९० टक्के कापूस "गॉसिपियम हिर्सुटम" या एकाच प्रजातीचा असतो. व्यापारात त्याला अपलँड म्हणतात. सदऱ्याचं कापड, चादरी, डेनिम, सगळं मुख्यतः त्याचंच. त्याचा तंतू साधारण २६ ते २९ मिलिमीटर लांब असतो. पिमा किंवा इजिप्तचा गिझा हे "गॉसिपियम बार्बाडेन्स" या दुसऱ्या प्रजातीतले. त्यांचा तंतू ३५ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. तो तलम सुतासाठी लागतो.

लांबीचं महत्त्व सुताच्या जाडीवर ठरतं. डेनिमच्या ७ काउंटच्या जाड सुताच्या (काउंट म्हणजे काय, ते प्रश्न ३ मध्ये) छेदात पाचेकशे तंतू एकमेकांना धरून असतात, ८० काउंटच्या तलम सुतात जेमतेम पन्नास. पन्नास तंतूंना एकत्र राहायचं तर प्रत्येकाची लांबी कामी येते. पाचशेंना तेवढी गरज नसते.

म्हणून डेनिमच्या गिरणीत लांबीपेक्षा तंतूच्या पक्वतेकडे जास्त लक्ष असतं. ती मायक्रोनेअर या मापावरून जोखतात. बोंडात पुरता न भरलेला तंतू नीळ धरत नाही, चोळामोळा होऊन त्याच्या बारीक गुठळ्या बनतात आणि निळ्या कापडावर पांढरे ठिपके दिसतात.

३. मग वजन येतं कुठून?

जाड सुतातून आणि ते किती घट्ट ठोकून विणलं आहे त्यातून. शेताचा यात फारसा वाटा नाही.

सुताचा काउंट म्हणजे एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. त्यामुळे हिशेब उलटा चालतो: काउंट जितका लहान, तितकं सूत जाड. ७ काउंटचं एक पौंड सूत ५,८८० यार्ड भरतं, ४ काउंटचं फक्त ३,३६०. नेहमीच्या डेनिमचा ताणा (उभे धागे) ६ ते ८ काउंटच्या आसपास असतो. २० औंसांच्या पुढे जायचं तर त्याहून भरड सूत लागतं आणि तिथे मागाची कसोटी लागते. जाड बाणा (आडवा धागा) ठोकून बसवायला जोर लागतो, वेग कमी करावा लागतो, धागे जास्त तुटतात. पुढे शिवणाऱ्याच्या सुयाही तुटतात.

कापूस किती लागतो याचा अंदाज हवा असेल तर: अमेरिकेच्या नॅशनल कॉटन कौन्सिलच्या हिशेबाने ४८० पौंडांच्या एका गाठीतून २१५ जीन्स होतात, म्हणजे एका जीन्सला जवळपास एक किलो रुई. हा हिशेब साध्या जीन्सचा. २१ औंसांच्या जीन्सला अर्थातच जास्त.

४. शेतापासून कापडापर्यंत कापसाचा प्रवास कसा होतो?

वेचलेला कापूस आधी जिनिंगला जातो. तिथे सरकी वेगळी होते आणि हाती सुमारे एक तृतीयांश वजनाची रुई उरते. ती दाबून गाठी बांधतात. अमेरिकेची गाठ सुमारे २१८ किलोची, ऑस्ट्रेलियाची २२७, भारताची १७०.

पुढची पायरी फार कमी लोकांना ठाऊक असते आणि या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिच्यात आहे. सूतगिरणी एका वेळी एकच गाठ फोडत नाही. डझनावारी गाठी ओळीने मांडतात आणि यंत्र प्रत्येकीचा थोडा थोडा थर उचलत जातं. लांबी, ताकद, रंग, पक्वता यांची सरासरी महिनोन्‌महिने एकसारखी राहावी म्हणून ही सरमिसळ मुद्दाम करतात. त्या ओळीत चार प्रदेशांचाच काय, दोन खंडांचा कापूसही असू शकतो. तुमच्या जीन्समधला कापूस एकाच शेतातला असण्याची शक्यता जवळपास नाहीच.

मग पिंजणं, पेळू करणं, कातणं. ताण्याचे तीन-चारशे धागे एकत्र करून दोरखंड बनवतात आणि तो निळीच्या हौदांतून पुन्हा पुन्हा बुडवून हवेत काढतात. हवा लागली की नीळ पक्की होते. प्रत्येक बुडीबरोबर रंग थोडा आत शिरतो, पण सुताचा गाभा पांढराच राहतो. जाड सुतात हा गाभा मोठा, म्हणून जाड डेनिम झिजल्यावर निळ्या-पांढऱ्याचा फरक ठसठशीत दिसतो. ही नीळ जवळपास नेहमी कारखान्यातली असते. जर्मनीच्या बीएएसएफने ती १८९७ मध्ये बाजारात आणली आणि नंतरच्या काही दशकांत निळीची शेती बसली.

रंगवलेल्या ताण्याला खळ लावून तो मागावर चढवतात. बाणा बहुधा न रंगवलेला असतो. विणल्यावर फिनिशिंग, आणि मग कापड शिवायला जातं.

५. पूर्वीची जीन्स आजच्यापेक्षा जाड असायची ना?

हा समज घट्ट रुजलेला आहे, पण तो उलटा आहे. लीव्हाय स्ट्रॉसने १८७३ मध्ये रिव्हेटचं (कपड्याचे सांधे पक्के करणाऱ्या धातूच्या मेखांचं) पेटंट घेतलं. त्यानंतरच्या पहिल्या दशकांतलं त्यांचं डेनिम सुमारे ९ औंसांचं होतं. १९२७ मध्ये कोन मिल्स या अमेरिकी गिरणीने खास लीव्हायच्या ५०१ या जीन्ससाठी कापड काढलं, तेही १० औंसांचं. १८-२१ औंसांचं डेनिम ही अलीकडच्या शौकिनांची निर्मिती आहे. त्यात इतिहास शोधू नये.

आणखी एक गोष्ट. कापूस एकीकडे आणि गिरणी दुसरीकडे, हा प्रकारही काही जागतिकीकरणाने आणलेला नाही. लीव्हायचं सुरुवातीचं डेनिम न्यू हॅम्पशरच्या मँचेस्टरमधल्या अ‍ॅमॉस्केग गिरणीचं होतं. तिथल्या थंडीत कापूस पिकत नाही, तो दक्षिणेतून यायचा. कापड तिथे विणायचं आणि जीन्स देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोत शिवायची.

६. जपानी डेनिम म्हणजे जपानी कापूस का?

नाही. उद्योगाला पुरेल असा कापूस जपानमध्ये पिकतच नाही. जपानच्या गिरण्या अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, झिम्बाब्वे अशा देशांतून रुई आणतात. काही जण तयार सूतही आयात करतात. "जपानी" हे विशेषण रंगाई आणि विणाईचं आहे, बऱ्याचदा कताईचंही. माझ्या लेखी त्यात काही कमीपणा नाही. जाड डेनिमचा स्वभाव घडतो तो नेमका याच टप्प्यांवर.

७. जपानमध्ये हे कापड नक्की कुठे विणतात?

बहुतेक एका पट्ट्यात: ओकायामा प्रांतातले कोजिमा आणि इबारा, आणि शेजारच्या हिरोशिमा प्रांतातला फुकुयामाचा परिसर. इथे डेनिमच्या आधीपासून विणाई होती. कोजिमात कॅनव्हास, मोजे, पुढे शाळेचे गणवेश. फुकुयामाकडे निळीत रंगवलेलं कासुरी हे नक्षीचं कापड.

काइहारा ही गिरणी १८९३ मध्ये अशाच कासुरीपासून सुरू झाली. डेनिमसाठी दोरखंड रंगवण्याचं यंत्र तिने १९७० मध्ये बसवलं, जपानमध्ये सगळ्यांत आधी. कुराशिकीत १८८८ मध्ये स्थापन झालेल्या कुराबोने १९७३ मध्ये केडी-८ हे देशी डेनिम काढलं. तोपर्यंत जपानी जीन्सचं कापड अमेरिकेतून येत होतं. इबारात कुरोकी आणि निहोन मेनपू आहेत. जाड सेल्व्हेज (बंद किनारीच्या, प्रश्न १६ पाहा) कापडाच्या जगात ही नावं सतत कानावर पडतात.

ब्रँड आणि गिरणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र लक्षात असू द्या. स्टुडिओ दार्टिझां, एव्हिसू, फुलकाउंट, वेअरहाउस हे ब्रँड. कापड त्यांच्यासाठी गिरण्या विणतात, पुष्कळदा फक्त त्यांच्याचसाठी.

८. जपान्यांनी अमेरिकेचे जुने माग विकत नेले आणि त्यांवर डेनिम विणलं, हे खरं का?

गोष्ट रंगतदार आहे, पण खरी नाही. जपानमधलं सेल्व्हेज मुख्यतः टोयोडा आणि साकामोतो या जपानी बनावटीच्या धोट्याच्या (बाणा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाच्या) मागांवर विणतात. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये चालत्या मागावर आपोआप धोटा बदलणारा टाइप-जी माग पूर्ण केला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क विकत घेतले. मागांच्या याच कारखान्यातून पुढे टोयोटा मोटार कंपनी निघाली. असले माग घरचेच असताना ते समुद्रापलीकडून आणायचं कारण नव्हतं. अमेरिकेत सेल्व्हेज विणणारे माग ड्रेपर कंपनीचे होते, त्यांची गोष्ट पुढच्या उत्तरात.

९. अमेरिकेत आता जाड सेल्व्हेज डेनिम विणतात का?

फार थोडं. नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरोला कोन बंधूंची व्हाइट ओक गिरणी १९०५ पासून चालू होती. लीव्हाय १९१५ पासून कोनचं कापड घेत होतं. व्हाइट ओक ३१ डिसेंबर २०१७ रोजी बंद झाली आणि मोठ्या प्रमाणावर सेल्व्हेज विणणारी अमेरिकेतली शेवटची गिरणी गेली. तिचे ड्रेपर एक्स-३ माग पुढे लुइझियानातल्या व्हिडालिया इथल्या गिरणीने घेतले. काही माग ग्रीन्सबरोतच राहिले आणि तिथे थोडी विणाई पुन्हा सुरू झाली.

व्हाइट ओकची लाकडी जमीन हादरायची आणि त्यामुळे कापडाला खास पोत यायचा, असं भक्तमंडळी सांगतात. पोत खरा होता. पण तो धोट्याच्या जुन्या मागावर कुठेही येतो, मग जमीन फरशीची का असेना.

कोनचं नाव मात्र चालू आहे. कंपनी मेक्सिको आणि चीनमधल्या गिरण्यांत डेनिम विणते. "कोन डेनिम" वाचून कापड अमेरिकेचं समजू नका.

१०. जपान आणि अमेरिका सोडून चांगलं जाड डेनिम कुठे होतं?

इटलीत मिलानजवळची कांदियानी (१९३८), तुर्कस्तानात इस्को आणि ओर्टा अनादोलू, भारतात अरविंद. पाकिस्तान आणि चीनमध्येही मोठ्या गिरण्या आहेत. तुर्कस्तान, भारत, पाकिस्तान आणि चीन स्वतः कापूस पिकवतात, तरी त्यांच्या गिरण्या बाहेरचा कापूसही मिसळतात. बांगलादेश जीन्सच्या निर्यातीत आघाडीवर आहे, पण त्याचा जवळपास सगळा कापूस आयातीचा.

११. झिम्बाब्वेच्या कापसाचं एवढं कौतुक का?

कारण तो हाताने वेचला जातो, अपलँडच्या मानाने लांब असतो आणि त्यात पालापाचोळा कमी येतो. त्याच्या सुताचा स्पर्श मऊ लागतो. जाड, कोरं डेनिम पहिले काही आठवडे अंगाला काचतं, तिथे हा मऊपणा चटकन जाणवतो. फुलकाउंट आणि मोमोतारो या जपानी ब्रँडांनी हा कापूस जाहिरातीत पुढे आणला.

कौतुक खोटं नाही, पण त्याचा भाव थोडा वाढवून ठेवला आहे. तोच कापूस ओपन-एंड कातला (प्रश्न १४) आणि वेगवान मागावर ताणून विणला, तर हाताला फरक कळणं कठीण.

१२. म्हणजे हाताने वेचलेला कापूस नेहमीच सरस?

नेहमी नाही. यंत्राने वेचायच्या आधी झाडाची पानं फवारणीने गाळतात. टेक्सासच्या काही भागांत तर यंत्र बोंड, टरफल, काटक्या सगळंच ओरबाडतं. तो कचरा काढायला जिनिंगमध्ये जास्त साफसफाई लागते आणि त्यात तंतू तुटतात. हाताने वेचताना उमललेलं बोंड तेवढं घेता येतं.

पण हातवेचणीच्या कापसात दुसरंच काही शिरतं: पोत्याचे सुतळीधागे, प्लॅस्टिकच्या गोणीचे तुकडे, केस. डेनिमला हे भोवतं. प्लॅस्टिकचा धागा नीळ घेत नाही, तो ताण्यात शिरला की निळ्या कापडावर पांढरी रेघ उमटते. म्हणून वेचणीला सुती पिशव्या वापरा, असा गिरण्यांचा आग्रह असतो.

१३. टॅगवर "मेम्फिस", "सुपिमा", "सी आयलंड" असं लिहिलेलं असतं. त्यातून काय कळतं?

ही तीन वेगळ्या प्रकारची नावं आहेत, एका मापाने मोजू नका.

मेम्फिस हे टेनेसीतलं कापसाच्या व्यापाराचं जुनं केंद्र. टॅगवर ते नाव असेल तर कापूस साधारणपणे मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला अपलँड, म्हणजे टेनेसी, आर्कान्सा, मिसिसिपी, मिसूरी यांपैकी कुठलाही. चांगला, भरवशाचा, पण विशेष दुर्मीळ नव्हे.

सुपिमा हा व्यापारचिन्ह असलेला अमेरिकी पिमा. संस्था १९५४ ची. हा कापूस कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्सासमध्ये पिकतो, जगातल्या कापसात त्याचा वाटा एक टक्क्याहून कमी. चिन्ह वापरायला परवाना लागतो, त्यामुळे हा दावा पडताळता येतो.

सी आयलंड हा बार्बाडेन्समधलाही अतिलांब तंतूचा, अगदी थोडा पिकणारा. १८ औंसांच्या कापडात तो घालणं मला उधळपट्टी वाटते. मऊ आणि चमकदार कापड मिळतं, पण ज्या खरबरीतपणासाठी लोक जाड डेनिम घेतात तोच निघून जातो.

१४. रिंग-स्पन आणि ओपन-एंड यांत फरक काय? जाड डेनिममध्ये कोणतं असतं?

रिंगवर तंतू ओढून, पीळ देत, एका दिशेने लावत कातले जातात. सूत मजबूत आणि मऊ होतं, काम हळू चालतं. ओपन-एंडमध्ये तंतू हवेने फिरत्या रोटरमध्ये टाकतात आणि सूत तिथेच जमतं. चेकोस्लोव्हाकियाचं बीडी-२०० हे यंत्र १९६७ मध्ये आलं आणि पुढच्या दशकात जगभरच्या डेनिम गिरण्या तिकडे वळल्या, कारण वेग कितीतरी पट होता. शिवाय आखूड तंतू आणि गिरणीतली उरलीसुरली रुईही त्यात खपते.

शौकिनांच्या जाड डेनिममध्ये ताणा-बाणा दोन्ही बहुधा रिंगचे. मधल्या दर्जात ताणा रिंगचा आणि बाणा ओपन-एंडचा अशी तडजोड दिसते. टॅगवर नुसतं "रिंग-स्पन" असेल तर दोन्ही की एक, हे विचारावं.

१५. कापडावरचे उंचवटे आणि गुठळ्या म्हणजे कापूस हलक्या दर्जाचा का?

आता नाही. जुन्या काळी सूत कुठे जाड, कुठे बारीक निघायचं, कारण यंत्रं तशी होती. आज रिंग फ्रेमला संगणकावरून सांगतात की इतक्या अंतरावर इतकी जाडी वाढव. कापडावरच्या उभ्या पावसासारख्या रेघा त्यातूनच येतात. बारीक गुठळ्यांसाठी पिंजताना आखूड तंतू मुद्दाम मिसळतात. गिरण्यांनी दोनशे वर्षं खपून जो दोष घालवला, तो आता जास्तीचे पैसे घेऊन परत घालतात. मला ते कापड आवडतं, हेही सांगून टाकतो.

ठिपके पांढरे आणि विस्कळीत असतील, तर कारण प्रश्न २ किंवा १२ मधलं असू शकतं.

१६. सेल्व्हेज असलं की कापड जाड आणि कापूस चांगला, बरोबर?

दोन्ही चूक. सेल्व्हेज म्हणजे धोटा मागे-पुढे जाताना बाणा कडेला वळून तयार झालेली बंद किनार, बस. धोट्याच्या मागावर १० औंसांचंही कापड विणतात. १९५० च्या दशकापासून सुल्झर कंपनीचे बिनधोट्याचे प्रोजेक्टाइल माग पसरले. त्यांवर दुप्पट रुंद कापड भराभर निघतं, पण कडा सुटी राहते. अशा मागांवर १६ औंसांचं उत्तम कापड निघू शकतं.

सेल्व्हेजचं कापड साधारण ३० इंच रुंद, म्हणून एका जीन्सला सुमारे तीन यार्ड लागतं. किनारीतल्या रंगीत धाग्यावरून गिरणी ओळखायचा प्रयत्न करू नका. कोन एके काळी लीव्हायच्या कापडाला लाल धागा घालायची, आज तो कुणीही घालतं.

१७. "अनसॅन्फोराइज्ड" डेनिमवर लिहिलेलं वजन खरं मानायचं का?

कधीचं वजन, ते आधी पाहा. मागावर ताणून विणलेलं कापड पाण्यात पडलं की आटतं. सॅनफोर्ड क्लुएट यांच्या पद्धतीत (पेटंट १९३०) ते गिरणीतच दाबून आटवून घेतात आणि नंतर ३ टक्क्यांच्या आतच आटतं. ही क्रिया न केलेलं कापड पहिल्या धुण्यात ७ ते १० टक्के आटतं. सूत तेवढंच आणि क्षेत्रफळ कमी, म्हणून चौरस यार्डाचं वजन वाढतं. १४ औंस म्हणून घेतलेलं कापड धुतल्यावर १५ च्या वर सहज जातं. दुसरीकडे थोडी खळही निघून जाते, त्यामुळे हिशेब अगदी चोख बसत नाही. दोन जीन्सची तुलना करताना दोन्ही आकडे धुण्याआधीचे किंवा दोन्ही नंतरचे घ्या.

१८. लेबलवर "मेड इन..." असतं. त्यावरून कापसाचा देश कळतो का?

नाही, आणि कायदाही तशी सक्ती करत नाही. जीन्सचा "देश" बहुतेक वेळा शिलाईचा असतो. अमेरिकेत तंतूंचं प्रमाण, उत्पादनाचा देश आणि उत्पादकाची ओळख देणं बंधनकारक आहे. कापूस कुठे पिकला, हे नाही. युरोपीय संघात १००७/२०११ या नियमानुसार तंतूंचं प्रमाण लिहावं लागतं. मूळ देश लिहिण्याची सक्ती त्यात नाही.

अमेरिकेतला एक बारकावा बऱ्याच जणांना चकवतो. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या वस्त्रनियमांत कपड्याच्या एक पायरी मागेच पाहतात. कापड अमेरिकेत विणलेलं आणि जीन्स अमेरिकेत शिवलेली असेल, तर सूत किंवा रुई परदेशी असली तरी "मेड इन यूएसए" लिहिता येतं. कापड बाहेरचं असेल तर "आयात कापडापासून" अशी जोड द्यावी लागते.

१९. ऑरगॅनिक किंवा "बेटर कॉटन" लिहिलं असेल तर कापसाच्या मुळाचा माग लागतो का?

ऑरगॅनिकचा बऱ्यापैकी, बेटर कॉटनचा जपून. गॉट्स या ऑरगॅनिक कापडाच्या प्रमाणपत्रात प्रत्येक टप्प्याची कागदपत्रं लागतात. "ऑरगॅनिक" म्हणायला किमान ९५ टक्के, आणि "ऑरगॅनिक तंतूंपासून बनवलेलं" म्हणायला किमान ७० टक्के तंतू प्रमाणित असावे लागतात. बेटर कॉटन या उपक्रमाची जुनी पद्धत खातेवहीची आहे: ब्रँडने जितका कापूस खरेदी म्हणून मांडला, तितका कुठेतरी पिकला, पण तो तुमच्याच जीन्समध्ये आहे असं नाही. २०२३ च्या अखेरीस त्यांनी प्रत्यक्ष माग ठेवणारी वेगळी सोय सुरू केली. टॅगवर दोन्हींपैकी कोणती आहे, ते बघा.

२०. कापड हातात असताना कापूस कुठला, हे प्रयोगशाळेत तपासता येतं का?

काही प्रमाणात. झाडाने प्यायलेलं पाणी आणि माती यांची खूण तंतूत राहते. ऑक्सिजन, हायड्रोजन, कार्बन यांच्या समस्थानिकांचं प्रमाण आणि सूक्ष्म मूलद्रव्यं मोजून प्रदेशाचा अंदाज काढतात. डीएनएवरून प्रजाती कळते, म्हणजे पिमा म्हणून अपलँड विकला का, ते उघड होऊ शकतं. रंगाई आणि धुलाईने नमुना बिघडतो आणि गाठींच्या सरमिसळीने (प्रश्न ४) निकाल धूसर होतो.

या तपासण्यांना जोर आला तो शिनजियांगमुळे. चीनचा बहुतांश कापूस या प्रदेशात पिकतो. सक्तीच्या मजुरीच्या कारणाने अमेरिकेने केलेला कायदा २१ जून २०२२ पासून लागू आहे. तिथला कापूस असलेला माल सक्तीच्या मजुरीचाच, असं तो गृहीत धरतो. तसं नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. मग जीन्स कुठल्याही देशात शिवलेली असो.

२१. ताणा एका देशाच्या कापसाचा आणि बाणा दुसऱ्या देशाच्या, असं असू शकतं का?

हो, आणि हे अपवादात्मकही नाही. ताण्याला मागावरचा ताण सोसायचा असतो, म्हणून तिथे मजबूत सूत. बाण्याला ताण कमी, शिवाय तो कापडाच्या आतल्या बाजूला जास्त दिसतो आणि त्वचेला लागतो, म्हणून काही गिरण्या तिथे मऊ कापूस घालतात, तर काही पैसे वाचवून हलका. टॅगवरचं "झिम्बाब्वे कापूस" ताण्यापुरतंच असू शकतं. १०० टक्के असेल तर चांगला ब्रँड तसं स्पष्ट लिहितो.

२२. मग माझ्या जीन्सचं मूळ शोधायला कुणाला काय विचारू?

दुकानदाराला नको, ब्रँडला विचारा. आणि "कापूस कुठला?" हा प्रश्न पहिला विचारू नका, कारण त्याला गोलमोल उत्तर देणं सोपं असतं. आधी गिरणीचं नाव विचारा. मग ताणा आणि बाणा कसे कातलेत, काउंट काय, दोरखंड रंगाई आहे का, वजन धुण्याआधीचं की नंतरचं. ही उत्तरं ज्याच्याकडे असतात, त्याला कापसाबद्दलही बहुधा माहीत असतं. अमेरिकेत प्रत्येक गाठीवर क्रमांकाचा टॅग असतो, त्यामुळे गिरणीने नोंद ठेवली असेल तर गाठ कोणत्या जिनिंगची इथपर्यंत जाता येतं. "गिरणीचं नाव गोपनीय आहे" असं उत्तर आलं तर लगेच संशय घेऊ नका. खास विणून घेतलेल्या कापडाबाबत काही ब्रँड खरंच तसा करार करतात.

२३. लेबलवर "१०० टक्के कापूस" आहे. शिलाईचा दोराही सुती समजायचा का?

समजू नका. ती टक्केवारी मुख्य कापडाची असते. जाड डेनिम पुष्कळदा आत पॉलिएस्टर आणि वर कापूस असलेल्या दोऱ्याने शिवतात, कारण निव्वळ सुती दोरा कापडाच्या आधी झिजतो. जुन्या पद्धतीचा आग्रह धरणारे काही ब्रँड सुतीच दोरा वापरतात. तो रंगाने सुंदर उतरतो आणि काही वर्षांनी जांघेत उसवतो. खिशाचं कापडही वेगळं असतं. जाड जीन्समध्ये सगळ्यांत आधी फाटतो तो बहुधा खिसाच, म्हणून विकत घेताना तो उलटा करून पाहा.